द्रामातेन सोबत आहे

तिसरा प्रश्न त्याने मला विचारलाच नाही. पहिले दोन मला विचारले होते: कुठे जाणार, आणि किती दिवस. मी सांगितलं, विस्बीला, बोटीने, नऊ दिवस. मग तो माझ्या मुलीकडे, मालिनकडे वळला आणि म्हणाला, "आणि उचलणार कोण?" एवढंच. बॅगांच्या त्या दुकानात दुसरं काही घडलं नाही. पलीकडे एक नवरा-बायको एका मोठ्या बॅगेत आळीपाळीने डोकं घालून आतला कप्पा तपासत होते, बाहेरून बस गेली, आणि माझं लक्ष माझ्या उजव्या हाताकडे गेलं, कारण तो आपण होऊन पुढे झाला होता. दांडा धरायला. विक्रेत्याने दांडा मालिनच्या हातात दिला. मालिनने बॅग चार पावलं पुढे नेली, चार पावलं मागे आणली, आणि माझा हात तसाच अधांतरी राहिला. मी तो कोटाच्या खिशात घातला. खिशात बसचं एक जुनं तिकीट होतं, ते चुरगाळत राहिले.

माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. चाळिशीचा, गळ्यात शिंप्यासारखी टेप, आणि आपल्या धंद्यातलं त्याला कळत होतं. कडक कवचाची बॅग कुणासाठी, कापडी कुणासाठी, दोन चाकं कधी आणि चार कधी, हे तो छान सांगत होता. "बॅग माणसाला शोभून चालत नाही, प्रवासाला शोभायला हवी," असंही म्हणाला, आणि ते मला पटलं. पण मालिनला तो तू म्हणत होता आणि मला तुम्ही. माझ्या तरुणपणी आम्ही स्वीडनमधल्या लोकांनी एकदाचं ठरवून टाकलं होतं की इथून पुढे सगळ्यांनी सगळ्यांना तू म्हणायचं. डॉक्टरला तू, बिशपला तू. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवीन होते. आमच्या साहेबाला पहिल्यांदा तू म्हणाले तेव्हा माझे कान तापले होते, आणि संध्याकाळी मी अख्खा पूल एकटीच हसत ओलांडला होता. आता ही दुकानांतली नवी मंडळी पांढरे केस दिसले की तुम्ही म्हणतात. त्यांना वाटतं, मान दिला. आम्हाला वाटतं, धरून बाजूच्या खुर्चीत नेऊन बसवलं. "यांना चारचाकीच बरी," तो मालिनला म्हणाला, "यांच्या मनगटावर भार येणार नाही." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि माझ्याबद्दल परगावी गेलेल्या माणसासारखं बोलणं चाललं होतं.

"मम्मा, बघ ना, बोटाने ढकलली तरी चालते," मालिन म्हणाली.

"मग न ढकलताही चालेल."

"म्हणजे काय?"

"काही नाही. घे तुला आवडते ती."

तिने राखाडी घेतली. मालिनचं चुकलं नव्हतं, हेही सांगायला हवं, नाहीतर मी म्हातारी उगाच पोरीला नावं ठेवतेय असं वाटेल. जानेवारीत मी दारासमोरच्या बर्फावर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड सांधलं, पण मालिनच्या डोळ्यांत ते प्लास्टर अजून तसंच आहे. ती उप्सालाला राहते. तिथे, तिच्या घराजवळ, वयस्करांसाठी बांधलेल्या इमारतीत तिने माझं नाव यादीत घातलंय. तळमजला. "उंबरठासुद्धा नाही मम्मा," असं ती फार आनंदाने सांगते. आणि मी राहते स्टॉकहोमच्या दक्षिणेकडच्या बेटावर, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बासष्ट पायऱ्या, एक्केचाळीस वर्षं. ईस्टरला ती म्हणाली होती, "तुला तुझं सामान तीन मजले नेता येत नसेल तर तिसऱ्या मजल्यावर राहायचं कशाला?" मी म्हटलं, "आणि नेता आलं तर?" "तर बघू." "बघू नाही. विस्बीच्या आइनाआत्याकडे मी जाते, माझं सामान मी नेते, आणि मग उप्सालाचा विषय बंद." ती बराच वेळ अंड्याचं कवच सोलत राहिली. "बरं. बंद. पण एकटी जायचं नाहीस. रस्त्यात काही झालं तर कुणीतरी सोबत हवं. नाहीतर मी रजा काढून येते." रजा काढून ती आली असती म्हणजे बॅग तिने उचलली असती, म्हणजे मी हरले असते, आणि हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

राखाडी बॅग मालिननेच वर आणली, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत, आणि ती गेल्यावर मी आणि बॅग समोरासमोर बसलो. आमची इमारत शंभर वर्षांची आहे, जमीन स्वयंपाकघराकडे उतरती. लहानपणी मालिन झोपायच्या खोलीत गोटी सोडायची आणि धावत जाऊन चुलीपाशी पकडायची. मी चष्मा शोधायला वळले आणि बॅग निघाली. सावकाश, आवाज न करता, दाराची चौकट नीट चुकवून ती स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजला टेकून थांबली. मी तिला परत आणली. ती परत गेली. तिसऱ्यांदा मला हसू यायला हवं होतं, पण मी तिला तिथेच राहू दिलं. वाटलं, हे असंच असणार आता. बोटानेही न ढकलता, गुळगुळीत, कुठे न अडखळता, उताराच्या दिशेने. उंबरठासुद्धा नाही.

स्तूरे असता तर त्याने चाकंच उपटून टाकली असती. माझ्या नवऱ्याचा चाकांवर विश्वास नव्हता. त्याची तपकिरी चामड्याची सूटकेस होती, कोपरे पितळेचे, रिकामी असतानाच भरल्यासारखी जड. दर जूनमध्ये आम्ही त्याच्या बहिणीकडे विस्बीला जायचो, आणि तो पुढे, ती सूटकेस घेऊन, प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी हात बदलत, आणि मी मागे, थर्मास आणि दालचिनीच्या बनांची पिशवी घेऊन. तिकिटं त्याच्याकडे. बोटीवरची खिडकीची जागा त्याची, कारण त्याला समुद्र बघायला आवडायचा. मला काय आवडायचं ते मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नाही, बन चांगले झाले होते आणि दिवस छान होते. विस्बीत बंदरापासून दगडी रस्ता, मग गावाच्या वरच्या अंगाला चढणारा लांब जिना, आणि वर आइनाचं घर. तीस-बत्तीस वर्षं मी तो जिना स्तूरेच्या पाठीकडे बघत चढले. त्या पाठीवर प्रेम होतं माझं, पण जिना कसा आहे हे मला माहीत नव्हतं. शेवटच्या उन्हाळ्यात तो मधल्या वळणावर थांबला. हात बदलला. परत थांबला. मग लोखंडी कठड्याला धरून खालीच बसला, लायलॅकच्या झुडपाखाली, आणि वरून येणाऱ्या कुणा परक्या माणसाने काही न विचारता सूटकेस उचलली आणि वर नेऊन ठेवली. स्तूरे दोन दिवस बोलला नाही. आइना म्हणाली, दम लागला असेल. मला माहीत होतं, दम नव्हता तो. कुणीतरी त्याला न विचारता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी राखाडी बॅग भरली आणि तालीम म्हणून जिन्याने खाली निघाले. जिन्यावर चार चाकं असली काय आणि चाळीस असली काय, सारखंच. प्रत्येक पायरीला बॅग खांदा ओढायची, मग माझ्या टाचेवर येऊन आपटायची. दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत मनगट ठणकायला लागलं आणि मी बॅगेवरच बसले. रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही, चांगलं दोन मिनिटं रडले, कारण मालिनचं बरोबर होतं आणि पोरीचं बरोबर असण्यासारखं दुःख नाही. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचा फोल्के वर्तमानपत्र घेऊन वर आला. फोल्के ब्याऐंशीचा आहे, वर कशाला येत होता ते त्यालाच ठाऊक. बहुधा आवाज ऐकून.

"पळून चाललीस?" त्याने विचारलं.

"प्रयत्न चाललाय."

"मग ही कशाला घेतलीस? तुझी नेहमीची पळते की."

"कुठली नेहमीची?"

"अगं, ऐकतो ना मी. दर गुरुवारी. टक टक टक, टक टक टक, तीन मजले, मध्ये एकदाही थांबत नाहीस. आमची ही होती तेव्हा मी तिला म्हणायचो, चला, वर नाटक सुरू झालं."

आणि तो आपल्याच विनोदावर हसत खाली निघून गेला. विनोद पन्नास वर्षांचा आहे आणि शहरातल्या प्रत्येक जिन्यावर कुणी ना कुणी तो करतंच. बाजारहाट करायची दोन दांड्यांची, चाकांची उंच कापडी पिशवी असते ना, म्हाताऱ्या बायका ओढत नेतात ती, तिला आम्ही द्रामातेन म्हणतो. द्रा म्हणजे ओढ. मातेन म्हणजे खाणंपिणं. आणि शहरातलं सगळ्यात मोठं नाट्यगृह, सोनेरी पुतळ्यांचं, त्याचंही लाडकं नाव द्रामातेनच, आणि त्याच्या प्रेक्षकांच्या मंडळाच्या उन्हाळी सहलीही निघतात. माझी दाराच्या मागे खुंटीला टांगलेली असते. लाल चौकडीची, बटाट्यांचा आणि शेपूचा वास लागलेली. तिला प्रत्येक बाजूला तीन-तीन चाकं आहेत, एक पायरीला अडलं की दुसरं वरून येऊन पुढच्या पायरीवर टेकतं. नऊ वर्षं मी तिच्यातून दर गुरुवारी दूध, बटाटे, पीठ, हेरिंग माशांच्या बरण्या बासष्ट पायऱ्या वर ओढत आणतेय, प्लास्टर होतं तेव्हा डाव्या हाताने, आणि हे मी मालिनला कधी सांगितलं नव्हतं, कारण बाजारहाटाचं काय सांगायचं. मी अंधाऱ्या जिन्यात त्या राखाडी बॅगेवर बसून होते आणि मला हळूहळू कळत गेलं की मी प्रवासाची तयारी नऊ वर्षं करतेय. दुकानदाराने विचारायचा राहिलेला चौथा प्रश्न होता: पायाखाली काय आहे? त्याचं उत्तर मला दुकानात जायच्या आधीपासून येत होतं.

मी पिशवी धुतली. दोन दिवस बाल्कनीत वाळवली. तरी शेपूचा वास थोडा राहिलाच, राहू दे म्हटलं. मग मालिनला निरोप पाठवला: द्रामातेन सोबत आहे. काळजी नको. आता इथे एक बारीक गोष्ट आहे. आमच्या लिपीत नावाचं पहिलं अक्षर मोठं काढतात. पिशवीचं लहान, नाट्यगृहाचं मोठं. पण वाक्याचा पहिला शब्द कुठलाही असला तरी मोठ्या अक्षरानेच सुरू होतो, आणि ते मोबाईल आपल्या मनाने करतो. मालिनचं उत्तर लगेच आलं. "नाटकवाल्यांची सहल आहे? मम्मा, किती छान! आधी का नाही सांगितलंस? किती जण आहात?" मी खिडकीशी उभी राहून ते तीनदा वाचलं. एक वाक्य लिहिलं असतं तर झालं असतं. अगं, पिशवी. तेवढं लिहायला दोन बोटं पुरली असती. त्याऐवजी मी लिहिलं, "फार गर्दी नाही." तिने मला एक हृदय पाठवलं, आणि तिची रजा वाचली.

ते हृदय मात्र मला बोटीच्या प्रवासभर टोचत राहिलं. घरून निघताना मी राखाडी बॅग झोपायच्या खोलीत ठेवून दार लावून घेतलं होतं, नाहीतर परत येईपर्यंत ती कुठे गेली असती सांगता येत नाही. गाडीत चढताना, बंदरावर, बोटीत नेणाऱ्या चढावर लाल चौकडी माझ्यामागे निमूट आली. मी खिडकीत बसले. तीन तास मी समुद्र पाहिला आणि मला कळलं की स्तूरे इतका गप्प का बसायचा, समुद्र खरोखरच बघण्यासारखा असतो. पण अधूनमधून मी स्वतःलाच म्हणायचे, खोटं बोललीस, बारब्रो. ती पोरगी तिकडे तुझ्या शेजारी दहा चांगली माणसं बसवून निर्धास्त झालीय. अक्षर मोबाईलने मोठं केलं हे खरं. पण गर्दी नाही हे मी लिहिलं होतं. मग ठरवलं, सांगायचं. सगळं सांगायचं, पण विस्बीच्या जिन्याच्या खालून नाही, वरून सांगायचं. वरून कबुली देता येते, खालून नुसती क्षमा मागावी लागते.

विस्बीच्या दगडी रस्त्यावर बोटीतून उतरलेल्या शंभरएक बॅगांचा गडगडाट चालला होता. चार चाकांच्या बॅगा प्रत्येक दगडाशी वेगळं भांडत होत्या, एकीचं चाक निखळून गटाराकडे गेलं आणि तिचा मालक त्याच्यामागे. माझी तीन-तीन चाकं आळीपाळीने दगडांवर पाय देत होती. मला त्या माणसांची कीव यायला हवी होती. आली नाही. फार मजा वाटत होती, आणि पंच्याहत्तराव्या वर्षी कधीतरी मजा वाटते तेव्हा ती पुरती लुटून घ्यावी. जिन्याच्या पायथ्याशी एक तरुण जोडपं आपली चंदेरी पेटी दोन्ही बाजूंनी धरून वर बघत उभं होतं. मी त्यांच्या शेजारून पहिल्या पायरीवर चढले. टक टक टक.

"ए, ऐक ना," त्यातली मुलगी म्हणाली, "ही कुठून घेतलीस तू?"

तू म्हणाली ती. मला तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटला. "बटाट्यांसाठी घेतली होती," मी म्हटलं आणि मोजत चढत राहिले. जिना तसा नव्हता जसा मला वाटायचा. पाठीमागून पाहिलेला जिना आणि समोरून पाहिलेला जिना हे दोन वेगळे जिने असतात. पायऱ्या झिजलेल्या, मध्ये खोलगट, कडेला गवत, आणि डाव्या हाताला छपरांच्या वरून समुद्र, जो मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. एक्केचाळिसाव्या पायरीला वळण आलं. लोखंडी कठडा होता. लायलॅक फुललेला होता. मी थांबले, दमून नाही, भेटायला म्हणून थांबले. त्या जागेकडे पाहून म्हटलं, स्तूरे, आपण उगाच उचलत बसलो रे. आणि तेवढ्यात खिशात मोबाईल वाजला. मालिनचा चेहरा पडद्यावर.

"पोचलीस? नाटकवाले दाखव ना मला."

"थांब. अजून वर नाही पोचले."

"कशाच्या वर?"

मी मोबाईल पिशवीच्या पुढच्या खिशात उभा खोचला, तोंड बाहेर करून, आणि दांडा धरला. टक टक टक. "मम्मा, हे काय चाललंय?" खिशातून आवाज येत होता. "मला नुसतं आकाश दिसतंय. आता दगड. मम्मा, या पायऱ्या आहेत का?" मला श्वास मोजणीसाठी लागत होता. पन्नास. पंचावन्न. मनगट गरम झालं होतं पण गुरुवारसारखंच, गुरुवारपेक्षा जास्त नाही. मग मी मोठ्याने म्हणाले, "साठ. एकसष्ट. बासष्ट."

खिशातला आवाज थांबला. मालिन त्या घरात वाढली. शाळेतून येताना तीही मोजायची, शेवटच्या पायरीवर ओरडायची बासष्ट आणि दप्तर आत फेकायची. "हे तर आपलं घर झालं," ती हळूच म्हणाली.

"हो. आता पुढचं वरकड."

पुढचं मी मोजलं नाही. वर पोचल्यावर कठड्याला पाठ लावून मोबाईल बाहेर काढला आणि लाल चौकडीवर धरला. वरून खालपर्यंत, चाकांसकट. "हे नाटकवाले," मी म्हटलं. मालिन बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, मग राग आला, तो मी स्पष्ट पाहिला, आणि मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "पहिलं अक्षर मोठं होतं," ती म्हणाली.

"ते मोबाईलने केलं. गर्दी नाही, हे मी केलं. खोटंच होतं ते, मालिन. वर येऊन सांगणार होते."

मग ती हसायला लागली. ऑफिसात होती, तोंडावर हात धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं, तिचंही आणि माझंही. "पण उचललीस कशी तू एवढी?" तिने डोळे पुसत विचारलं.

"उचलली नाही. ओढली. नावातच आहे की."

तिच्या मागे कुणीतरी प्रिंटर सुरू केला. "उद्या त्या इमारतीत फोन करते," ती म्हणाली, "आणि यादीतून नाव काढते." मी मान हलवली. फोन ठेवायच्या आधी ती पडद्याजवळ आली, शेजारच्या टेबलावर ऐकू जाऊ नये अशा बेताने. "मम्मा, माझी पाठ हल्ली फार धरते. लॅपटॉप, जिमची पिशवी, सगळं खांद्यावर. ती निळ्यात मिळते का गं?"

मिळत असेल, बघते, म्हटलं. वरच्या गल्लीत आइनाने दार उघडलं होतं आणि ती कोण आलंय ते डोळ्यांवर हाताचा आडोसा करून बघत होती. उजवा हात दांड्याच्या आकारात तसाच वळलेला राहिला होता, तळवा लाल झालेला, बोटं अजून गरम. मी तो खिशात घातला नाही.